खाडीवर मुरुडचा बांध

मला एका जागी बसवत नाही. जेवतानासुद्धा माझा एक पाय हलत असतो आणि आई अजून त्यावर टपली मारते. ही खोड मी अण्णांकडून उचलली. अण्णा म्हणजे माझे वडील, मुरुडच्या शाळेत मास्तर होते. हे मुरुड लातूरकडचं. कोकणात बदली झाल्यापासून हे मला प्रत्येकाला सांगावं लागतं, कारण इथल्या माणसाला मुरुड म्हटलं की नारळ आणि समुद्र दिसतो. आमच्या मुरुडात बाजार आहे, एसटीचा थांबा आहे आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घागरी आहेत.

अण्णा मुळात असे नव्हते, असं आई म्हणते. शाळा सुटली की पेपर घेऊन ओट्यावर बसायचे ते दिवेलागणीपर्यंत हलायचे नाहीत. भूकंपानं त्यांना बदललं. गणपती बोळवून गाव झोपलं होतं आणि त्याच पहाटे जमीन हलली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. मुरुडात भिंतींना भेगा गेल्या, फळीवरची भांडी कोसळली, पण माणसं वाचली. किल्लारीकडं काय झालं ते उजाडल्यावर हळूहळू कळत गेलं. अण्णा बाकीच्या मास्तरांबरोबर तिकडं मदतीला गेले, आणि परत आले ते गप्प होऊन. पुढं कितीतरी दिवस सगळं गाव अंगणात ताडपत्रीखाली झोपायचं. हळूहळू लोक घरात गेले. अण्णांचा पाय काही घरात ठरेना.

मग त्यांनी बांध घालायला सुरुवात केली. आधी आमच्याच रानात, मग भावकीच्या रानात, आणि मग शनिवारी शाळेची पोरं घेऊन ओढ्यावर. तेव्हा पाणी अडवायचं, जिरवायचं सगळीकडं भिंतींवर लिहिलेलं असायचं. लोक ते वाचून पुढं जायचे, अण्णांनी मनावर घेतलं. मोठा धोंडा तळाला, रुंद अंग खाली. दोन धोंड्यांच्या फटीत दगडाच्या चिपा ठोकून बसवायच्या, मधे माती भरायची आणि वरून पायानं तुडवायची, टाच रुतेनाशी होईपर्यंत. मुरुडच्या शाळेतून गेलेल्या कुठल्याही पोराला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. एकदा मी चिडून विचारलं होतं, की सुट्टीच्या दिवशी आम्ही धोंडे का उचलायचे. अण्णा म्हणाले, "जमीन हललेली बघितली की पोरी, कायतरी धरून ठेवावं वाटतं. माती धरावी, पाणी धरावं." ते एवढंच बोलले आणि पुढचा धोंडा उचलायला वाकले.

माझ्या बाबतीत त्यांनी धरून ठेवलं होतं ते असं, की पोरगी डॉक्टर होणार. त्या काळात लातुरात शिकवणी वर्गांचं पेव फुटलं होतं. डाळ मिलच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा भौतिकशास्त्र चालायचं. चौकाचौकात गुणवंतांच्या फोटोंचे फलक. उदगीर, मुखेड, नांदेड, कुठून कुठून पोरं आलेली. मी एका लिंगायत आडत्याच्या माडीवर मुलींबरोबर खोली घेऊन राहिले. खाली करडई आणि सोयाबीनची पोती, वर आम्ही. दोन्हीकडं वजनाचीच चर्चा चालायची, खाली मालाच्या आणि वर विषयांच्या. अण्णा रविवारी एसटीनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन यायचे, दारातच उभे राहायचे, "चालू हाय ना अभ्यास?" विचारायचे आणि न बसता परत जायचे.

खारफुटी मला पहिल्यांदा भेटली ती तिथंच, एका गुणाला. श्वसनमुळं कोणत्या झाडांना असतात? चार पर्याय, त्यातल्या एकावर गोल. जीवशास्त्राच्या सरांनीही समुद्र बघितलेला नव्हता. त्यांनी फळ्यावर काढलेली मुळं चिखलात उलटे ठोकलेल्या खिळ्यांसारखी दिसत होती. "समजून घेण्यात टाइम घालू नका, लक्षात ठेवा," सर म्हणाले. परीक्षेत तो प्रश्न आला आणि माझा बरोबर आला. बाकीचे बरेच चुकले.

डॉक्टरकी हुकली. अण्णा त्यावर एक शब्द बोलले नाहीत, आणि बोलण्यापेक्षा त्याचाच मला जास्त त्रास झाला. मी वनशास्त्राला गेले, मग स्पर्धा परीक्षा दिल्या, आणि वनखात्यात लागले. पहिलं काम मुखेडकडं, रस्त्याकडेच्या झाडांचं. पावसाळ्यात खड्डे, रोपं आणि फोटो. उन्हाळ्यात टँकर. टँकर कमी पडला की वाळक्या काड्या, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यात नवं रोप. बाजाराच्या दिवशी अण्णा मला भेटायला आले होते. त्यांनी त्या काड्यांची रांग बघितली आणि म्हणाले, "हे करून राहिलीस व्हय तू?" थट्टेनंच म्हणाले असतील, पण ते मला लागलं. या माणसाला अभिमानानं दाखवता येईल असं एक तरी काम आपल्या हातून व्हावं, हे तेव्हापासून माझ्या मनात बसलं. नोकरीला लागलेल्या बाईला असं वाटू नये, पण वाटायचं. आजही लपवायचं कारण नाही.

त्या काड्यांना कंटाळून मी कोकणात बदली मागून घेतली. राज्यानं कांदळवनांसाठी वेगळी व्यवस्था उभी केली होती, किनाऱ्यावरची सरकारी खारफुटी राखीव वन म्हणून जाहीर होत होती आणि तिथं माणसं हवी होती. नांदेडातले सहकारी म्हणाले, "मॅडम, समुद्रात काय झाडं लावणार तुम्ही?" मला एका खाडीकाठच्या गावात क्वार्टर मिळालं. पहिल्या ओहोटीला मी चिखलात गुडघाभर रुतले, आणि मला बाहेर काढताना दोन वनमजुरांची हसू दाबताना पंचाईत झाली.

माझ्या हद्दीत एक जुनं खारशेत होतं. कधीकाळी समुद्र बाहेर ठेवायला गावानं खाडीला बांध घातला होता आणि आत भात पिकवला होता. पुढं पिकवणारे मुंबईला गेले, भात संपला, बांध तेवढा राहिला. आत ना शेत ना खाडी. पावसाळ्यात पाणी कोंडून राहायचं, उन्हाळ्यात वाळून मिठाचा थर धरायचा. अशा जागी आमचं खातं दरवर्षी खारफुटीची रोपं लावत होतं, सरळ ओळीत, सुतळी धरून. पावसाळ्यात ती गुदमरायची, उन्हाळ्यात करपायची. मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा वाळक्या काड्यांच्या रांगा बघून माझं डोकंच फिरलं. मुखेड माझा पाठलाग करत समुद्रापर्यंत आलं होतं.

मी वर लिहायला लागले, की इथं रोपं लावणं बंद करा, बांध फोडा. भरती-ओहोटी आत येऊ द्या, झाडं आपली आपण येतील. साहेब म्हणाले, "मग लागवडीच्या रकान्यात काय भरायचं?" मी म्हणाले, काही भरू नका. अशा उत्तरांनी माणूस लोकप्रिय होत नाही. पण तेव्हा किनाऱ्याच्या चिखलात साठणाऱ्या कार्बनची चर्चा दिल्लीपर्यंत पोचली होती, नुसती रोपं मोजून भागणार नाही हे वरच्यांनाही पटायला लागलं होतं. शेतमालकांची समजूत काढायला मी मुंबईच्या चाळींचे जिने चढले, ग्रामसभेत दोनदा शिव्या खाल्ल्या. शेवटी परवानगी आली आणि पाण्याची जुनी वाट होती त्या जागी आम्ही बांधाला दोन ढांगांची फट पाडली. निघालेले धोंडे आणि माती शेजारीच ढीग करून ठेवली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आत चिखलावर बोटभर उंचीची तिवराची, म्हणजे खारफुटीचीच, रोपं दिसली, कुणीही न लावलेली, वेडीवाकडी पसरलेली. मी तिथंच चिखलात फतकल मारली.

त्याच्या पुढचा उन्हाळा लातूरला रेल्वेनं पाणी आणायला लागलं तो. आई-अण्णा तेव्हा भावाकडं लातुरात राहायला होते. मी हट्टानं त्यांना माझ्याकडं आणलं. आईनं येताना घरातल्या सगळ्या गोधड्या आणि वाकळा बांधून आणल्या होत्या, कारण महिनोन्महिने धुता आल्या नव्हत्या. आल्या दिवसापासून ती नळाखाली बसली. नळ सोडायची, हात धरायची आणि माझ्याकडं बघायची. मला हसू यायचं, आणि लगेच वाईटही वाटायचं.

अण्णा सकाळी फिरायला जायचे. मी पहाटेच जीप घेऊन निघायची आणि अंधार पडता परत यायची, कारण दुसऱ्या खाडीत खारफुटी तोडून भराव टाकण्याचं प्रकरण चालू होतं. पण एकदा लवकर परतताना मला जीपमधून लांबूनच दिसलं, की अण्णा माझ्या बांधावर बसलेत. दुसऱ्या दिवशीही बसलेले. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "रोजच जातेत. संध्याकाळपातुर बसतेत."

मला झालेला आनंद काही विचारू नका. एका जागी न ठरणारा माणूस रोज तासन्‌तास बसून माझं काम बघतोय. मी विषय काढला नाही. म्हटलं, बघू देत मन भरून, मग स्वतःहूनच बोलतील.

आणि मग आमच्या वनरक्षकाचा फोन आला. तो आठवडाभर बहिणीच्या लग्नाला गेला होता आणि त्या दिवशीच परतला होता. "मॅडम, कुणीतरी बांध परत घातलाय. आतली रोपं कोमेजलीत. मला वाटतं विरोधवाल्यांचं काम आहे."

मी तशीच निघाले. वाटेत माझ्या तोंडून काय काय निघालं ते ड्रायव्हरनं ऐकलं नाही असं दाखवलं. आत चिखलाला भेगा पडल्या होत्या, त्यांच्या कडांवर मीठ फुललं होतं. बरोबर भांगाचे दिवस गाठून, भरतीला जोर नसताना कुणीतरी फट बुजवली होती. वनरक्षक तालुक्याला तक्रार देऊ म्हणत होता. मी वाकून बांध बघितला. मोठा धोंडा तळाला, रुंद अंग खाली. फटींत चिपा ठोकलेल्या. वरची माती तुडवून तुडवून घट्ट केलेली. मी टाच दाबून बघितली. रुतली नाही.

"तक्रार नको," मी म्हणाले. "मला माणूस माहीत आहे."

घरी आले तर अण्णा अंगणात दोरीवरच्या वाकळा उलटवत होते. मी विचारलं, "अण्णा, खाडीवरचा बांध तुम्ही घातलात?"

त्यांचा चेहरा फुलला. "कळलं व्हय तुला? कुण्या हलकटानं फोडला हुता. खारं पाणी सरळ रानात शिरून राहिलं हुतं. बिचाऱ्याचं रान वाया गेलं असतं. मालक भेटंल म्हणून रोज जाऊन बसतोय, पर कुणी फिरकंना. भेटला तर सांगावं म्हणलं, बाबा, धोंड्याचं पिचिंग आणखी हातभर वर घे."

म्हणजे ते माझं काम बघत नव्हते. शेतमालकाची वाट बघत होते.

"अण्णा, तो बांध मी फोडलाय."

आई वाकळ पिळता पिळता थांबली. आमच्याकडं बांध फोडणं ही साधी गोष्ट नाही. नुसता हातभर कोरला तरी भावकीत डोकी फुटतात, पिढ्या एकमेकांच्या दारात जात नाहीत.

"तू?" अण्णा म्हणाले. "बांध फोडलास? सरकारनं सांगितलं म्हणून?"

"न्हाई. मीच सरकारला सांगितलं."

"रानात समिंदर सोडलास," ते हळू म्हणाले. "तिकडं लातुरात माणसं घागर घागर पाण्यासाठी भांडून राहिलीत, आन तू हितं बांध फोडून राहिलीस. मुरुडात कुणाला सांगू नको बाई."

त्यावर माझा तोल गेला. "खामखा बोलू नका अण्णा. मुखेडला काड्या बघितल्यात आन चेष्टा केलीत. त्यानंतर एकदा तरी विचारलंत, मी काय करते? आज पहिल्यांदा दाखवण्यासारखं काहीतरी हातून झालं, तर तुम्हीच ते बुजवून ठेवलंत." मला रडू आलं, आणि रडू आलं याचा आणखी राग आला. चपला घालून अण्णा अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. दुपारी उधाण येणार होतं आणि त्याआधी फट मोकळी केली असती तर रोपांना तगायची आशा होती. उजाडताच मी बाहेर आले तर अण्णा दारात तयार होऊन उभे.

"चल," ते म्हणाले. "दाखव."

मी त्यांना आत नेलं. आधी खात्याच्या जुन्या ओळी दाखवल्या, सुतळीवर लावलेल्या, सगळ्या वाळलेल्या. ते नुसते "हूं" म्हणाले. मग वेडीवाकडी पसरलेली बारकी रोपं दाखवली.

"ही कुणी लावली?"

"कुणीच नाही. भरतीबरोबर बिया आल्या. पाणी यायला-जायला वाट पाहिजे, एवढंच."

ते उकिडवे बसले. एका रोपाचं वळलेलं पान त्यांनी बोटावर घेतलं. "हे माझ्यानं झालं?"

"हो," मी म्हणाले. गोड बोलायची माझी इच्छा नव्हती.

मग शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखं विचारायला लागले. हे जगून मिळतं काय? फळ न्हाई, लाकूड न्हाई. मी सांगितलं, मासळीची पिल्लं या मुळांत वाढतात, वादळात मागचं गाव वाचतं. आणि या झाडांनी हवेतला कार्बन ओढून घेतला की तो पाल्यातून, मुळांतून या चिखलात जातो. चिखलात हवा नाही, त्यामुळं तो कुजून परत उडत नाही. शेकडो वर्षं पडून राहतो. चिखल वाळला, भेगा पडल्या, की सगळा पुन्हा हवेत.

अण्णांनी भेगेत बोट घालून बघितलं. "म्हंजे जमिनीतल्या पेवातली ज्वारी," ते म्हणाले. "हवा लागली की संपलं."

"हां, तसंच."

ते उठले आणि सरळ बांधाकडं गेले. मजूर पहारी घेऊन थांबले होते. अण्णांनी एकाच्या हातातलं खोरं घेतलं. "घातला मी, काढतोबी मीच." बांधावर पाय रोवून त्यांनी खोरं उचललं. तसेच उभे राहिले. उचललेलं खोरं मग सावकाश खाली आलं.

"न्हाई जमत," ते म्हणाले. "आजवर कधी केलं न्हाई." त्यांनी खोरं माझ्याकडं दिलं. "तू कर."

मजूर दुसरीकडं बघायला लागले. मी वरची माती ओढायला सुरुवात केली. ती सुटेचना. चिपा अशा बसवलेल्या, की एक उपटायला पहार घालावी लागत होती आणि पहार निसटून माझी बोटं सोलली जात होती. सत्तरी उलटलेल्या माणसानं हे एकट्यानं, त्या उन्हात, ज्याचं नावही माहीत नाही अशा माणसाचं शेत वाचवायला केलं होतं. प्रत्येक धोंडा काढताना मला वाईट वाटत होतं आणि तरी मी काढत होते. अण्णा मागं उभे होते. मधे एकदाच बोलले, "आधी वरचा काढ. न्हाईतर पायावर यील."

तळाचा धोंडा मजुरांनी पहारी लावून उलटवला तेव्हा खाडी फुगायला लागली होती. आधी बोटभर पाणी धोंड्यांमधून वाट काढत आलं, मग गढूळ लोंढा माझ्या पोटऱ्यांना धडकून आत शिरला. भेगांमधून पाणी पुढं पुढं पळत होतं, त्यातून बुडबुडे निघत होते. आम्ही सगळे कडेला सरकलो. एरवी अशा वेळी मी मजुरांना पुढची कामं सांगत सुटते. त्या दिवशी एका जागी उभी राहिले.

अण्णांनी माझ्या सोललेल्या बोटांकडं बघितलं. "कसा हुता बांध?"

"पक्का होता अण्णा. सगळ्यांना घाम फुटला."

त्यांनी मान हलवली. पाणी रोपांपर्यंत पोचलं, मग त्यांच्या पानांवरून गेलं, तोपर्यंत ते बघत होते.

"एवढा चांगला बांध मला जलमात साधला नव्हता," ते म्हणाले. "आन तू फोडलास, ते बरोबर केलंस."

मी खोरं धुवायला खाली वाकले.